शब्दचर्चा : ‘इंटरव्हेन्शन’ला ‘हस्तक्षेप’ म्हणावे का?

प्रश्न

व्यसनाच्या आहारी गेलेल्या माणसाने उपचार घ्यावेत म्हणून घरचे आणि जवळचे लोक ठरवून एकत्र येतात, त्याच्यासमोर बसून बोलतात आणि त्याला उपचारांसाठी तयार करू पाहतात. या प्रयत्नाला इंग्रजीत ‘इंटरव्हेन्शन’ म्हणतात. रुग्णांच्या कुटुंबीयांसाठीचे एक माहितीपत्रक मी मराठीत आणते आहे. कोशात ‘हस्तक्षेप’ हा शब्द मिळाला आणि पत्रकाचे पहिले वाक्य असे झाले : ‘कुटुंबाने रुग्णाच्या व्यसनात वेळीच हस्तक्षेप करावा.’ यात व्याकरणाची चूक नाही, पण हे वाचून एखादी आई मुलासमोर बसायचे धाडस करील असे मला वाटत नाही. याहून बरा शब्द आहे का?

प्रतिसाद १

‘हस्तक्षेप’ रूढ आहे आणि मानसशास्त्राच्या मराठी लेखनातही तो वापरला जातो. वाचकांना सवय होईल. नवा शब्द घडवण्याची गरज नाही.

प्रतिसाद २

रूढ आहे हे खरे, पण कोणत्या वाक्यांत रूढ आहे ते पाहावे. राजकीय हस्तक्षेप, बाहेरच्यांचा हस्तक्षेप, ‘आमच्या संसारात हस्तक्षेप करू नका’ : यांतल्या बहुतेक वाक्यांत हस्तक्षेप ही नको असलेली गोष्ट आहे आणि बोलीत तिचे सख्खे भाऊ ‘ढवळाढवळ’ आणि ‘लुडबुड’ हे आहेत. आधीच ‘माझ्यात लक्ष घालू नका’ असे म्हणणाऱ्या माणसाच्या हाती आपण हा शब्द आयता देतो.

व्युत्पत्तीतही एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. ‘हस्तक्षेप’ या शब्दात ‘क्षिप्’, म्हणजे फेकणे, हा धातू आहे. ‘व्यसन’ या शब्दात ‘वि’ या उपसर्गापुढे ‘अस्’ आहे आणि हा ‘असणे’चा नव्हे, तर ‘अस्यति’ असे रूप होणारा, फेकणे याच अर्थाचा धातू आहे. म्हणून संस्कृतात व्यसन म्हणजे आधी संकट, वाताहत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्यावरच्या आपत्तींनाही व्यसन म्हटले आहे आणि त्याच अधिकरणात मृगया, द्यूत, मद्यपान ही माणसाची व्यसनेही येतात. ‘उपचार’ मात्र ‘उप’ आणि ‘चर्’ यांपासून आला आहे. जवळ जाणे, सेवा करणे हा त्याचा मूळ अर्थ पूजेच्या षोडशोपचारांत अजून जिवंत आहे. दूर फेकल्या गेलेल्या माणसाच्या जवळ जाण्याची ही कृती असेल, तर तिच्या नावात पुन्हा फेकणे नसावे असे मला मनापासून वाटते.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मध्ये येणे’ असा आहे, म्हणून ‘मध्यस्थी’ सुचेल. पण मध्यस्थ तटस्थ असतो, दोन्ही बाजूंना थोडे थोडे सोडायला लावतो. येथे आई तटस्थ नाही आणि दारूशी तडजोड करायची नाही. ‘मनधरणी’ रुसलेल्याची करतात आणि ती या घरांनी वर्षानुवर्षे केलेलीच असते. ‘कानउघाडणी’त दोष देणे आले. ‘मन वळवणे’ हाच प्रयोग मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यात मन त्या माणसाचेच राहते, फक्त त्याची दिशा बदलते.

प्रतिसाद ३

मी समुपदेशक आहे आणि ‘मन वळवणे’ला माझा पाठिंबा कामाच्या अनुभवातूनही आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेत व्हर्नन जॉन्सन या धर्मोपदेशकाने ही पद्धत मांडली, ती त्या काळातल्या एका समजुतीला उत्तर म्हणून. माणूस पुरता तळाला गेल्याशिवाय उपचार घेत नाही, असे तेव्हा मानले जाई. तळ गाठेपर्यंत वाट पाहू नका, असे त्याचे म्हणणे होते. पुढे या पद्धतीतले समोरासमोर जाब विचारणे तेवढे लोकांच्या लक्षात राहिले.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, उपचारांना तयार नसलेल्या मद्यपींच्या १३० आप्तांना तीन वेगवेगळ्या मार्गांचे मार्गदर्शन देण्यात आले. जॉन्सनच्या मार्गाने गेलेल्यांपैकी ३० टक्के आप्तांचे रुग्ण उपचारांपर्यंत पोचले; आप्तांच्या स्वमदत गटाकडे वळवलेल्यांत हे प्रमाण १३ टक्के होते; आणि घरच्यांनाच बोलण्याचे व वागण्याचे प्रशिक्षण देणाऱ्या ‘क्राफ्ट’ या पद्धतीत ६४ टक्के. जॉन्सन गटातल्या बहुतेक कुटुंबांनी समोरासमोरची बैठक घेतलीच नाही, हे मला या आकड्यांइतकेच महत्त्वाचे वाटते. ज्या कृतीची घरच्यांनाच धास्ती वाटते, तिला ‘हस्तक्षेप’ म्हटल्याने ती धास्ती वाढेल.

आणखी दोन शब्दांबद्दल सांगतो. ‘एनेबलिंग’साठी, म्हणजे व्यसन चालू राहायला मदत होईल अशा घरच्यांच्या वागण्यासाठी, पत्रकात ‘सक्षमीकरण’ लिहू नका, अर्थ उलटा होईल. आपल्याकडे ‘पाठीशी घालणे’ आणि ‘पांघरूण घालणे’ हे नेमके प्रयोग आहेत. कामाच्या ठिकाणी ‘त्याला बरे नाही’ असे कळवणे हे पांघरूण घालणे झाले. तो शुद्धीवर असताना त्याच्याबरोबर जेवायला बसणे नव्हे. दुसरा शब्द ‘सोडवणे’. ‘त्याची दारू आजच्या आज सोडवा’ असे वाक्य पत्रकात कोठेही येऊ देऊ नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद केल्यास फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो आणि जिवावरही बेतू शकते. म्हणून ‘डॉक्टरांच्या देखरेखीखाली’ हे शब्द त्याच वाक्यात हवेत, खालच्या टिपेत नव्हे. घरात मारहाण होत असेल किंवा तो जीव देण्याची भाषा करत असेल, तर बैठक आधी तज्ज्ञाशी बोलल्याशिवाय ठरवू नये, हेही तितक्याच ठळकपणे लिहावे.

प्रश्नकर्ती

आपले आभार. शीर्षक ‘उपचारांसाठी मन वळवताना’ असे करते. एक अडचण उरते. ‘अॅक्सेप्ट ट्रीटमेंट’साठी मी ‘उपचार कबूल करणे’ लिहिले आहे. ते चालेल का?

प्रतिसाद ४

‘कबूल’ काढावा अशी माझी विनंती आहे. ‘कबूल करणे’ म्हटले की समोर गुन्हा उभा राहतो आणि आम्ही घरच्यांनी नेमके तेच केले होते : माझ्या धाकट्या भावाने आधी ‘मी दारुडा आहे’ असे म्हणावे, मगच पुढचे बोलू. त्या हट्टात आमचे दीड वर्ष गेले. एका सकाळी, तो प्यायलेला नसताना, वहिनीने फक्त इतके विचारले, “तुम्हाला झोप लागत नाही, हात थरथरतात. एवढ्यासाठी तरी माझ्याबरोबर डॉक्टरांकडे याल का? आजची वेळ घेऊन ठेवली आहे.” तो उठून तयार झाला. त्याने काहीही कबूल केले नव्हते. ‘दारुडा’ हा शब्द पुढे त्याने स्वतःच स्वतःसाठी वापरला, पण तो उपचार सुरू झाल्यावर बऱ्याच महिन्यांनी. म्हणून ‘तयार होणे’ लिहावे.

प्रश्नकर्ती

पहिले वाक्य आता असे केले आहे : ‘आपला माणूस उपचारांसाठी तयार व्हावा म्हणून त्याचे मन वळवता येते, तो शुद्धीवर असेल अशी वेळ निवडा, डॉक्टरांची वेळ आधीच घेऊन ठेवा आणि त्याच्याकडून काहीही कबूल करून घेऊ नका.’ ‘रुग्ण’च्या जागी ‘आपला माणूस’ मी सर्वत्र घातला आहे. छपाईपूर्वी समुपदेशकांनी औषधोपचाराचा परिच्छेद एकदा तपासून द्यावा, अशी विनंती आहे.