मदत हवी आहे: डॉटनेट एक्झीतली परवाना तपासणी कशी जपावी? (बडोदा)

नमस्कार मंडळी. मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यांसाठीचं बिलिंग सॉफ्टवेअर आहे: सी शार्प, विनफॉर्म्स, डॉटनेट फ्रेमवर्क ४.८. एक्झी आयएलस्पायमध्ये (एक्झीतून कोड परत वाचून दाखवणारं टूल) उघडली की सगळे क्लास नावानिशी समोर येतात. डीएनस्पाय या तशाच, पण कोड बदलूही देणाऱ्या टूलमध्ये तर तपासणीची मेथड बदलून थेट 'ट्रू' परत करवता येते. परवान्याच्या फाइलवर आरएसए (डिजिटल) सही आहे, खासगी किल्ली आमच्याकडेच. पण तपासणीच उडवली तर सही काय कामाची?

ऑबफस्केटरने (कोड वाचायला अवघड करणारं टूल) पब्लिक प्रॉपर्टींची नावं बदलली की डेटाग्रिडव्ह्यूचे (पडद्यावरच्या तक्त्याचे) रकाने रिकामे येतात, कारण डेटाप्रॉपर्टीनेममध्ये जुनं नाव स्ट्रिंग म्हणून तसंच राहतं. ते क्लास वगळले की भागतं. पॅकर (एक्झी दाबून गुंडाळणारं टूल) मात्र नकोच, अँटीव्हायरस एक्झीच अडवतो.

नुसती तपासणी सी प्लस प्लसच्या डीएलएलमध्ये (सहज न उलगडणाऱ्या वेगळ्या फाइलमध्ये) नेली, तरी तिला बोलावणारी सी शार्पची ओळ काढता येतेच. मग बिलाची खरी आकडेमोडच तिथे न्यावी, की रिपोर्टचे टेम्प्लेट परवान्यातल्या किल्लीने एन्क्रिप्ट करावेत? बरेच पीसी इंटरनेटविना चालतात, त्यामुळे परवाना सर्व्हरवरून तपासण्याचा पर्याय बाद. डीएलएलचा मार्ग कोणी घेतला असेल, तर ३२ आणि ६४ बिटचं कसं सांभाळलं तेही कृपया सांगा.