लाच घेतल्याबद्दल दोषी ठरलेल्याची पेन्शन चालू का ठेवायची?

माणदेशी (धागाकर्ती) :
नोकरीत असताना लाच घेतली, कोर्टाने दोषी ठरवलं, तरी दर महिन्याला सरकारी पेन्शन जमा. हे बंद झालं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

सासऱ्यांच्या जमिनीचा वारस फेरफार एका कर्मचाऱ्याने अडवून ठेवला होता. पैसे मागितल्यावर सासऱ्यांनी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या नंबरला फोन लावला. सापळा लागला. नोटांना अँथ्रासीन पावडर लावलेली होती. अतिनील दिव्याखाली त्याची बोटं चमकली, पंचांच्या सह्या झाल्या. मग खटला भरायला सरकारची मंजुरी, दोषारोपपत्र आणि तारखांवर तारखा. शिक्षा झाली तेव्हा तो केव्हाच निवृत्त झालेला होता. सासरे प्रत्येक तारखेला एसटीने तालुक्याला जायचे, उन्हात बसून परत यायचे.

आता नियम बघा. नोकरीत असतानाच शिक्षा झाली, तर घटनेच्या कलम ३११ मधल्या अपवादामुळे वेगळी चौकशी न करता बडतर्फ करता येतं. बडतर्फी झाली की आधीची सगळी सेवा जप्त, म्हणजे पेन्शन नाही. निवृत्तीनंतर शिक्षा झाली तर महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधले नियम २६ आणि २७ लागतात. त्यांत सरकार पेन्शन पूर्ण किंवा अंशतः, कायमची किंवा काही काळ रोखू 'शकते'. रोखलीच पाहिजे असं नाही. गुन्हा तोच, पण एकाचं सगळं जातं आणि दुसऱ्याची फाइल मंत्रालयात फिरत राहते. फरक कशाचा, तर निकालाच्या तारखेचा!

लाच किंवा अपहार सिद्ध झाला की निकालाच्या दिवसापासून पेन्शन बंद. यात कुणाच्या मर्जीचा प्रश्नच नको.

ट्रेझरीवाले काका :
ताई, सासऱ्यांना झालेला त्रास खरा आहे. तरी मी विरोधात आहे. आयुष्यभर पेन्शनच्या केसेस हातावेगळ्या केल्या, म्हणून सांगतो.

पेन्शन ही बक्षिसी नाही. डी. एस. नकारा यांच्या पेन्शनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ ला तसं स्वच्छ सांगितलं. आम्ही तो दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतो. झारखंडच्या प्रकरणातल्या २०१३ च्या निकालात तर त्याच न्यायालयाने पेन्शन आणि ग्रॅच्युइटी ही घटनेच्या कलम ३००-अ खालची मालमत्ता धरली आणि कायद्याचा आधार असल्याशिवाय तिला हात लावता येणार नाही असं म्हटलं. तीस वर्षं केलेल्या कामाची ती कमाई आहे. शेवटच्या दोन वर्षांत माणूस घसरला म्हणून आधीची अठ्ठावीस वर्षं खोटी ठरत नाहीत. गुन्ह्याला तुरुंग आहे, दंड आहे.

आणि घरच्या बाईचं काय? बडतर्फ माणसाच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतनही राहत नाही. नोव्हेंबरात हयातीचे दाखले घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या बायका मी काउंटरवर बघितल्या आहेत. औषधाच्या चिठ्ठ्या आणि पासबुक एकाच पिशवीत असतं. नवऱ्याने काय केलं हे त्यातल्या कित्येकींना पेपरात वाचून कळलेलं असतं.

कोयनाकाठ :
घरच्या बाईचा मुद्दा दर वेळी निघतो. ज्याच्याकडून पैसे उकळले त्याच्या घरी बाई नसते का? त्याने मंगळसूत्र गहाण टाकून पैसे दिलेले असतात. पगार काम करायचाच होता. त्याच कामाचे वर पैसे मागितले, तर त्या पगारावर बेतलेली पेन्शन कसली मागता? माणदेशी यांना पूर्ण पाठिंबा.

फौजदारी वकील, औरंगाबाद खंडपीठ :
दोन्हीकडे थोडं ओढून-ताणून चाललंय.

काका, 'कायद्याचा आधार नसताना' हे शब्द महत्त्वाचे आहेत. झारखंडमध्ये दोष सिद्ध होण्याआधी, कारवाई चालू असतानाच पेन्शन रोखली होती आणि त्याला नियमाचा आधार नव्हता. आपण बोलतोय दोष सिद्ध झाल्यावरचं, आणि त्याला आपल्याकडे नियम २७ आहे, त्यामुळे तो निकाल इथे ढाल म्हणून चालणार नाही. तक्रारदार फितूर झाला की खटला पडतो ही समजूतही आता सोडायला हवी. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलंय की परिस्थितीजन्य पुराव्यावरही लाचेची मागणी सिद्ध होऊ शकते. अपील दाखल केलं म्हणून दोष स्थगित होत नाही, हेही २००१ च्या के. सी. सरीन प्रकरणापासून पक्कं आहे.

पण ताई, निकालाच्या दिवसापासून सरसकट बंद हेही मला पटत नाही. अपिलात निर्दोष सुटलेली माणसं मी पाहिली आहेत. शिवाय गुन्हे सारखे नसतात. २०२५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे दोन तऱ्हेची प्रकरणं एकत्र आली. कोळसा कंपनीत खोट्या जन्मतारखेवर नोकरी मिळवलेल्याची सगळी ग्रॅच्युइटी जप्त झाली ती कायम राहिली. एसटीच्या कंडक्टरांनी तिकिटांचे पैसे खाल्ले होते, त्यांची जप्ती मात्र २५ टक्क्यांवर आणली. ग्रॅच्युइटीचा कायदा वेगळा, पेन्शनचा नियम वेगळा, तरी प्रमाण बघायची ही रीत योग्य आहे.

बोस्टनचा पाटील :
आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये ताईंना हवा तसाच कायदा आहे. पदाशी संबंधित गुन्ह्यात दोषी ठरला की अख्खी पेन्शन गेली. स्वतः भरलेली वर्गणी परत मिळते, तीही बिनव्याजी. पण २०१६ मध्ये इथल्याच सर्वोच्च न्यायालयाने तो एका प्रकरणात अडवला. पीबडी गावच्या पोलीस लेफ्टनंटने सहकाऱ्यांच्या ऑनलाइन खात्यांत शिरून बढतीच्या परीक्षेचे गुण बघितले होते. त्याची साडेसहा लाख डॉलरहून जास्त पेन्शन बुडणार होती. कोर्ट म्हणालं, हा अवाजवी दंड आहे. मर्जी काढून टाकली की असली प्रकरणंही त्याच जात्यात भरडली जातात.

माणदेशी :
वकीलसाहेब, प्रमाण मान्य. पण ते आधी छापून ठेवा. लाच सिद्ध झाली तर इतका भाग, अपहार असेल तर इतका, आणि बायकोचा वाटा वेगळा काढून थेट तिच्या खात्यात. काका, एवढं केलं तर तुमचा आक्षेप उरतो का? मला नको आहे ती फाइल. ज्याची वर ओळख आहे त्याला दहा टक्के कपात, नाही त्याची पूर्ण बंद, हे मी मान्य करणार नाही. आणि अपिलात सुटला तर थकबाकी व्याजासकट द्या, माझी हरकत नाही.

ट्रेझरीवाले काका :
बायकोचा वाटा वेगळा काढलात तर माझा अर्धा विरोध संपला. उरलेला अर्धा दिरंगाईबद्दल आहे. खटला चालू असताना निवृत्त झालेल्याला नियम १३० प्रमाणे तात्पुरती पेन्शन मिळते, ग्रॅच्युइटी अडकते. निकाल लांबण्याला तुम्ही फायदा म्हणता, पण त्यात निर्दोष माणूसही वर्षानुवर्षं लटकतो. पोरीच्या लग्नाला ग्रॅच्युइटी हाती नाही आणि शेवटी निर्दोष सुटका, असे लोक मला माहीत आहेत. त्यांना कुणी काय भरून दिलं?

कोयनाकाठ :
मग दोष मंजुरी रखडवणाऱ्यांचा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीत मंजुरीला तीन महिने दिलेत, फार तर आणखी एक.

फौजदारी वकील, औरंगाबाद खंडपीठ :
बरोबर, आणि इथेच खरी पळवाट आहे. नियम २७ मध्ये फौजदारी कारवाई 'सुरू झाली' असं धरतात ते दोषारोपपत्र दंडाधिकाऱ्यापुढे जातं तेव्हा. नुसत्या सापळ्याने किंवा गुन्हा नोंदवल्याने नाही. मंजुरीची फाइल निवृत्तीपर्यंत कपाटात पडून राहिली, तर साहेब ३१ तारखेला नारळ-शाल घेऊन घरी जातात आणि त्या दिवशी कागदावर त्यांच्यावर कुठलाही खटला नसतो. निवृत्तीनंतर विभागीय चौकशी काढायची म्हटली, तर घटना चार वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. ताई, टक्क्यांचा तक्ता छापून घ्याच, पण त्याच्या आधी सापळा लागला तीच तारीख कारवाईची तारीख धरा, अशी मागणी करा. तेवढ्या मागणीवर मी सही करायला तयार आहे.