मदत हवी आहे: मेक्सिकोतलं ‘मांदे’ नेमकं कुठे वापरायचं?

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त ग्वादालाहाराला आलेय, स्पॅनिश पुण्यात क्लासला जाऊन शिकले होते. तिथे शिकवलेलं की ‘मांदार’ म्हणजे हुकूम करणे किंवा पाठवणे, आणि ‘मांदे’ हे त्याचं ‘उस्तेद’साठीचं, म्हणजे आदरार्थी आज्ञार्थी रूप. शब्दशः ‘आज्ञा करा’!

इथे मात्र ते दिवसभर कानावर पडतं. घरमालकीणबाईंनी नातवाला हाक मारली, तो आतून ‘के?’ (काय?) म्हणाला. बाईंनी लगेच दटावलं, “के नाही, मांदे!” मला एकदम आजी आठवली. हाक मारल्यावर ‘काय’ म्हटलं की ती म्हणायची, “काय काय करतेस, ओ म्हणावं!”

नीट ऐकू आलं नाही तरी ‘मांदे?’च विचारतात. पण ऑफिसातली एक मैत्रीण तो शब्द मुद्दाम टाळते. तिला त्यात जुन्या गुलामीचा वास येतो, ती ‘कोमो?’ (शब्दशः ‘कसं?’) म्हणते.

इथे राहिलेल्यांनी कृपया सांगा: वरिष्ठांशी बोलताना मी कोणता शब्द वापरू? बरोबरीच्यांना ‘मांदे’ म्हटलं तर फार औपचारिक वाटतं का? घरमालकीणबाईंचं मन मोडायचं नाहीये, आणि मैत्रिणीचंही.