ज्ञानाची सत्ता: ती कळण्यातून येते की इतरांना न कळू देण्यातून?

समाईक (चर्चाप्रस्ताव)

ज्ञानाने माणसाला सामर्थ्य मिळते हे सर्वमान्य आहे, परंतु ते नेमके कशातून मिळते याची चौकशी फारशी होत नाही. माझ्या मते यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. रोगाचे कारण कळल्यावर उपचार करता येतो, हे एक सामर्थ्य. समोरच्याला ते कारण ठाऊक नाही आणि मला आहे, एवढ्याच बळावर तो माझ्या मुठीत राहतो, हे दुसरे. आणि समाजात ज्ञानाचा जो दरारा दिसतो, त्याचा मोठा भाग या दुसऱ्या प्रकारचा असतो.

सतराव्या शतकात इंग्लंडमधील चेंबरलेन या वैद्यक घराण्याने अडलेल्या बाळंतिणीची सुटका करणारा चिमटा घडवला आणि शंभराहून अधिक वर्षे तो घराबाहेर कळू दिला नाही. चिमटा बंद पेटीतून आणत आणि बाळंतिणीच्या डोळ्यांवर पट्टी बांधत, असे सांगितले जाते. १६७० मध्ये ह्यू चेंबरलेन हे गुपित विकायला पॅरिसला गेला; सौदा फिसकटला आणि तो चिमट्यासह माघारी आला. घराण्याला राजदरबारी मान मिळाला हे खरे, पण तो चिमटा हाताशी नसल्यामुळे ज्या स्त्रिया या काळात दगावल्या, त्यांचा हिशेब कोणाच्या नावावर मांडायचा?

म्हणून ज्ञानाच्या सदुपयोगाची माझी कसोटी अशी: माझ्याकडे आलेला माणूस पुढच्या वेळी माझ्याशिवाय निदान एक पाऊल टाकू शकतो का?

उलटतपासणी

असहमत, आणि तेही मुळातूनच. ज्ञानाने सामर्थ्य मिळते हे गृहीतकच मला कच्चे वाटते. व्हिएन्नाच्या रुग्णालयात १८४६ मध्ये डॉक्टर आणि विद्यार्थी ज्या प्रसूती विभागात काम करत, तेथे सुमारे ११ टक्के बाळंतिणी दगावल्या. सुइणींच्या विभागात हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आत होते. शवविच्छेदन करून तेच हात घेऊन डॉक्टर बाळंतिणींकडे येतात, हे तेथील डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी ताडले आणि १८४७ मध्ये क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. पुढच्याच वर्षी मृत्यूचे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास आले. याहून उघड पुरावा कोणता हवा? तरीही १८४९ मध्ये त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही आणि १८६५ मध्ये मनोरुग्णालयात त्यांचा अंत झाला. ज्ञान त्यांच्याकडे होते. सत्ता खुर्चीवर बसलेल्यांकडे होती. ज्ञान वाटावे की राखावे हा प्रश्न खुर्ची मिळाल्यानंतरचा आहे.

समाईक

उदाहरण बिनतोड आहे, निष्कर्ष नाही. सेमेलवाइस यांनी आपले सविस्तर लेखन प्रसिद्ध केले ते १८६१ मध्ये, म्हणजे शोधानंतर तब्बल चौदा वर्षांनी. तोवर त्यांची बाजू बहुतांशी मित्र आणि सहकारीच मांडत होते. पुढे विरोधकांना लिहिलेल्या खुल्या पत्रांत त्यांनी थेट खुनाचे आरोप केले. राग समजण्याजोगा आहे, पण स्वतःला खुनी ठरवून घेऊन हात धुवायला कोण पुढे येणार? खुर्ची आडवी आली हे मला मान्य आहे. तरीही आपल्याला कळलेले दुसऱ्याला पटेल अशा रीतीने मांडणे हा ज्ञानाच्या वापराचाच भाग आहे, आणि तो इथे अपुरा राहिला.

तिसरी बाजू

आपण दोघेही ‘सांगितले की काम झाले’ असे धरून चालला आहात, असे मला वाटते. कर्जाच्या कराराचे साधे उदाहरण घ्या. व्याजदर बदलता आहे, दर वाढल्यास हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली जाऊ शकते. सगळे छापलेले असते. समोरचा अधिकारी पानामागून पान उलटत ‘इथे सही, इथे सही’ म्हणून बोट ठेवत जातो. काहीही दडवलेले नाही आणि कर्जदाराला काहीही कळलेले नाही. दडवण्यापेक्षा ढिगाखाली पुरणे हा आजचा अधिक सभ्य मार्ग आहे. (शस्त्रक्रियेपूर्वीच्या संमतिपत्राचीही बरेचदा हीच गत असते.)

शिवाय प्रत्येक ज्ञान वाटण्याजोगे नसते. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे जीवशास्त्रज्ञ एकत्र आले आणि जनुके जोडण्याच्या प्रयोगांना त्यांनी स्वतःच मर्यादा घालून घेतल्या. काही प्रयोग तूर्त करूच नयेत असे ठरवले. तुमच्या कसोटीवर ते नापास ठरतील काय?

समाईक

करारासंबंधीचा मुद्दा पूर्णपणे मान्य, आणि माझ्या कसोटीला तो पूरकच आहे: सही करून बाहेर पडणाऱ्याला ‘दर एक टक्क्याने वाढला तर तुमचे काय होईल?’ असे विचारावे. उत्तर आले नाही तर माहिती दिली गेली नाही असेच धरावे. असिलोमारविषयी मात्र आपली गल्लत होते आहे. तिथे संशोधकांनी धोका लपवला नाही. धोका काय असू शकतो हे उघडपणे मांडून स्वतःच्या हातांना आवर घातला. चेंबरलेन घराण्याने नेमके उलट केले होते.

उलटतपासणी

कसोटी ऐकायला छान आहे, पण तिचा खर्च कोण उचलणार ते सांगा. ज्याला रोज रांगेतली माणसे तपासायची आहेत, त्या डॉक्टरला औषध लिहून देण्याचे पैसे मिळतात, समजावून सांगण्याचे नाही; वकिलाला दावा लढवण्याचे मिळतात, अशिलाला कायदा शिकवण्याचे नाही. समजावण्यात घालवलेला वेळ त्यांच्या खिशातून जातो आणि वर पुढचे गिऱ्हाईकही कमी होते. अशा व्यवस्थेत ज्ञान वाटणारा तोट्यात आणि राखणारा फायद्यात राहणार. समजावण्यालाच कामाचा भाग मानून त्याचे मोल दिले जात नाही, तोवर आपली कसोटी पाळणारे थोडेच भेटतील, आणि जे पाळणार नाहीत त्यांना केवळ लबाड म्हणणे मला न्याय्य वाटत नाही.