शिकाऱ्याच्या दिसण्या-वागण्यावरून शिकारीबद्दल मत बनतं का? (कोलोरॅडो)

डेन्व्हरकर:
एल्कचा (मोठ्या हरणाचा) शिकारीचा हंगाम आला की इथल्या मराठी ग्रुपांवर ‘शिकार हवी की नको’ सुरू होतं. माझ्या मते बहुतेकांचं मत तत्त्वावरून ठरत नाही, समोर दिसलेल्या शिकाऱ्यावरून ठरतं. अमेरिकेत शिकार करणारे शंभरात पाच-सहा. बाकीच्यांना जंगलात काय झालं ते कळत नाही. त्यांना दिसतो पेट्रोल पंपावरचा उघडा ट्रक, जीभ लोंबणारं एल्क आणि शेजारी रक्ताळलेल्या कपड्यांतला माणूस.

1992 मध्ये याच राज्याने सार्वमताने अस्वलांची वसंतातली शिकार, आमिष टाकणं आणि कुत्री सोडणं बंद केलं. जवळपास 70 टक्के मतं बंदीच्या बाजूने पडली. शरदातली अस्वलाची शिकार मात्र आजही चालू आहे. पिलं अंगावर असलेली मादी मारणं, खाण्याच्या लालचीने आणून टिपणं, ही रीत लोकांना खटकली.

म्हणून गावात शिरण्याआधी कपडे बदला, हात धुवा, मांस झाका. फोटो काढायचाच तर पोट फाडण्याआधी, लगेच काढा. अर्ध्या तासात डोळे निस्तेज होतात. ओल्या फडक्याने नाकातोंडाचं रक्त पुसा, जीभ आत घाला, पाय पोटाखाली दुमडा, जखमेची बाजू मागे ठेवा. जनावरावर बसू नका. रायफल रिकामी, बोल्ट उघडा.

मंजिरी_ए:
ही रंगरंगोटी झाली. पोटात गोळी लागलेलं एल्क दूरवर जातं आणि तासन् तास तडफडतं, त्याचा फोटो कोण काढतं? बाण फुफ्फुसाला लागला तर अर्ध्या तासाने माग काढा, पोटाला लागला तर सहा-आठ तास थांबा, हे नवशिक्यांना शिकवलं जातं. म्हणजे असं होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण तुमच्या यादीत नेम आणि अंतर यांचं नावही नाही.

2024 मध्ये वायोमिंगच्या डॅनियल गावात एकाने स्नोमोबिल घालून लांडगा जायबंदी केला आणि तोंडाला टेप लावून जिवंत बारमध्ये आणला. तेव्हा दंड झाला 250 डॉलर. तो माणूस स्वच्छ कपड्यांत असता तर चाललं असतं का?

काडतूस:
मंजिरीताई, तो प्रकार कुठलाच शिकारी शिकार म्हणून मानणार नाही. माझा वाद डेन्व्हरकरांशी आहे. लपवायचं कशाला? आपल्याकडे मटणाच्या दुकानात सोललेला बोकड रस्त्यावरून दिसतो, कोणी डोळे झाकत नाही. इथे कायद्याने चारही फरे, पाठीच्या दोन्ही पट्ट्या आणि कण्याखालचा मऊ भाग नेणं सक्तीचं आहे. मोठ्या नराचं हाडं काढून 70 ते 90 किलो मांस होतं, एका कुटुंबाला वर्षभर पुरतं. ते दाखवा की! रायफलच्या हंगामात कमरेच्या वर 500 चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी घालावं लागतं, शिवाय टोपी. त्याच वेशात कॉफी प्यायला गेलात तर बिघडलं काय?

आणि 2024 चं मतदान विसरलात. पहाडी सिंहाच्या (प्यूमाच्या) शिकारीवर बंदीचा प्रस्ताव याच राज्यात सुमारे 55 टक्के विरोधी मतांनी पडला.

डेन्व्हरकर:
45 टक्के बंदीच्या बाजूने होते, आणि प्रस्तावाच्या मजकुरातच ‘ट्रॉफी हंटिंग’ (मिरवण्यासाठी शिकार) होतं. मिरवण्याची ती प्रतिमा फोटोंनीच दिली.

नारिंगी जाकिटाला माझी हरकत नाही. काही जण म्हणतात, जनावर नर की मादी हे दाखवणारा अवयव पुरावा म्हणून मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो, म्हणून उघडं न्यावं लागतं. तसं नाही. फरे सुती पिशव्यांत घाला, पुरावा असलेला फरा सगळ्यांत वर ठेवा. अधिकाऱ्याने थांबवलं तर पिशवीचं तोंड सोडलं की झालं. प्लास्टिक अजिबात नको. ऊब आत अडकते आणि हाडाजवळचं मांस आधी आंबतं. आतडी पायवाटेपासून लांब टाका. पार्किंगपाशी फिरायला आलेल्या कुटुंबाच्या कुत्र्याने आतडं ओढून आणलं की त्या कुटुंबाचं मत कायमचं गेलं.

वऱ्हाडी_मन:
जून 2016, बिहारचं मोकामा. नीलगायींना पीकनाशक जाहीर करून बाहेरून बंदूकवाले बोलावले, दोनशेच्या वर नीलगायी मारल्या. मनेका गांधी जाहीरपणे तुटून पडल्या; पर्यावरणमंत्री जावडेकर म्हणाले, राज्याने मागितलं म्हणून परवानगी दिली. वाद रंगला तो मृत जनावरं आणि बंदूकवाले यांच्यावर. शेतकऱ्याचं नुकसान कोपऱ्यात राहिलं. विदर्भात रोही (नीलगायी) रात्रीतून हरभरा साफ करतात, त्या शेतकऱ्यालाही अशा फोटोंचा फटका बसतो. डेन्व्हरकरांचा मुद्दा मला पटतो.

मंजिरी_ए:
शेतकऱ्याचं दुखणं खरं आहे. पण फोटो निघाले नसते तर मोकाम्यावर चर्चाच झाली नसती, आणि ते मला जास्त भयंकर वाटतं. वागणं सुधारायचंच असेल तर एक सांगा: गोळी लागलेलं पण न सापडलेलं एल्क तुमच्या टॅगमध्ये (एका जनावराच्या परवान्यात) धरता का?

काडतूस:
कायदा तसं सांगत नाही, कसून शोध घ्या एवढंच म्हणतो. नामिबिया-दक्षिण आफ्रिकेत मात्र रक्त सांडलं की जनावर तुमच्या नावावर, सापडो न सापडो, पैसे भरायचे. ती प्रथा इथे यावी या मताचा मी आहे. नेम न बसता घोडा ओढणारे निम्मे तरी थांबतील.