अनुभव धागा : लोककला तिच्या मूळ जागी पाहताना

अंगणवेल
गेल्या आठवड्यात शेजारच्या इमारतीत लग्नानंतरचा गोंधळ होता. गाड्या लावायच्या जागेत चौक मांडून, पाच ऊस उभे बांधून त्यांच्याखाली कलश ठेवला होता. संबळ वाजू लागल्याबरोबर मी निवडत असलेली मेथी तशीच टाकून खिडकीशी गेले. लहानपणी आमच्या वाड्यात गोंधळी तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा अशी एकेकाचे नाव घेऊन हाक घालीत, तेव्हा एवढी सगळी मंडळी आमच्या अंगणात मावणार कशी, अशी मला खरोखरीची काळजी वाटत असे. देवांना बोलावून झाले की आख्यान सुरू होई आणि मी नेमकी तेव्हाच झोपी जाई. जाग येई ती दिवटीच्या उजेडाने आणि तेलाच्या वासाने.

परवाचा गोंधळ मात्र तासाभरात आटोपला. आवाहन झाले, आरती झाली, आख्यान वगळले गेले. दुसऱ्या दिवशी सर्वांना कामावर जायचे होते, त्यामुळे कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु तिथल्या मुलांना गाणे तेवढे मिळाले आणि गोष्ट मिळाली नाही, हे मनाला लागून राहिले. आपल्यापैकी कोणी एखादी लोककला रंगमंचावर नव्हे, तर ती जिथली आहे तिथे पाहिली असेल, तर कृपया सविस्तर लिहावे. महाराष्ट्राबाहेरचे अनुभवही चालतील.

बाकावरचा_राजा
आमच्या सिंधुदुर्गात कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू झाल्या की दशावतारी मंडळींना उसंत नसते. माझे मामा स्त्रीपार्ट करीत. जेवणे झाल्यावर देवळाच्या बाजूला आपापली पेटी उघडून, आरशात पाहत ते स्वतःच रंग लावीत आणि आज कोणते आख्यान लावायचे याची बोलणी तेव्हाच चालत. लिहिलेली संहिता नसते. कथेचा सांगाडा सर्वांना ठाऊक असतो आणि संवाद समोरच्याचे बोलणे ऐकून तिथल्या तिथे रचायचे असतात. पखवाज आणि पेटीवाला त्यांना सांभाळून घेतात. एक लाकडी बाक हेच सिंहासन, तोच पर्वत आणि वेळ पडल्यास तोच पलंग. संकासुर हे विनोदी पात्र मालवणीत बोलू लागले की गावातल्या कोणाची तरी हजेरी घेतली जाणार हे ठरलेले असे. एका वर्षी ती माझ्या वडिलांची घेतली गेली आणि ते दोन दिवस मामांशी बोलले नाहीत.

अंगणवेल
बाकावरचा_राजा, मामांनी त्या रात्री कोणती भूमिका केली होती, हे सांगायचे राहिले.

बाकावरचा_राजा
द्रौपदी. वडिलांचे म्हणणे असे होते की द्रौपदीने तरी भावोजींची बाजू घ्यायला हवी होती.

ताडपान
मी जव्हारजवळ तीन वर्षे शिक्षिका होते. पीक घरात आल्यावर रात्री पाड्यावर तारपा वाजे. सुकवलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण आणि ताडाच्या पानांचा कर्णा असे ते वाद्य असते. वादक गालांत हवा साठवून, सूर मोडू न देता श्वास घेतो, त्यामुळे वादन थांबल्यासारखे वाटतच नाही. नाचणारे एकमेकांच्या कमरेला धरून त्याच्याभोवती सर्पाकार फिरतात, वादकाकडे पाठ करीत नाहीत, आणि त्याने चाल बदलली की सगळ्यांचे पाय एकदम बदलतात. पुढे एकजण घोळकाठी आपटत रांग वळवीत असतो. मी पहिल्या रात्री शहरी सवयीने पावले मोजू लागले आणि लगेच चुकले. शेजारच्या आजींनी मला फक्त एवढेच सांगितले, “पायाकडे पाहू नको, तारप्याकडे पाहा.”

पुढे हाच नाच एका सरकारी कार्यक्रमात पाहिला. प्रेक्षकांना दिसावे म्हणून वादकाला एका कोपऱ्यात आणि नर्तकांना सरळ ओळीत उभे केले होते. पावले तीच होती, पण आता ती कोणाकडे पाहून टाकायची हेच त्यांना कळत नसावे, असे मला वाटले.

कढीपत्ता
ताडपान, वाचताना अंगावर काटा आला. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये एवढेच लिहिते. सवडीने परत येईन.

दूरदेशी
नोकरीनिमित्त आम्ही जमशेदपूरला होतो, तिथून सरायकेला जवळ आहे. चैत्रपर्वात तिथले छऊ हे लोकनृत्य पाहिले. चेहरा मुखवट्याने पूर्ण झाकलेला असल्याने डोळ्यांचा अभिनय शक्य नसतो. सारा भाव मानेच्या कलण्यात आणि पायांच्या चालीत आणावा लागतो. मुखवट्याआड श्वास कोंडतो, म्हणून एकेक नृत्य थोडक्यात संपते, असे तिथल्या एका वयस्क कलावंताने समजावून सांगितले. पुरुलियाच्या छऊमध्ये मुखवटे भलेमोठे आणि उड्या जबरदस्त, तर मयूरभंजमध्ये मुखवटाच नसतो. 2010 मध्ये युनेस्कोच्या यादीत छऊ या एकाच नावाखाली तिन्हींची नोंद झाली. पण सरायकेल्याच्या माणसासमोर तिन्ही एकच आहेत असे म्हणण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

झीलकरी
अंगणवेलताईंचा आख्यानाचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. गोंधळात मुख्य गोंधळी कथा सांगतो आणि साथीदार मध्येच अडवून भाबडे, कधी तिरकस प्रश्न विचारतो. हशा त्यातूनच पिकतो आणि कथाही त्यातूनच पुढे सरकते. भिलाईत राहत असताना पंडवानी, म्हणजे महाभारताच्या कथा गाऊन सांगण्याची छत्तीसगडची लोककला, ऐकली, तेव्हा हेच नाते भेटले. तिथे त्या साथीदाराला ‘रागी’ म्हणतात. तो हुंकार देतो, शंका काढतो, गाणाऱ्याला दम घ्यायला जागा करून देतो. पंडवानी गाणाऱ्या तीजनबाईंचे नाव सर्वांना ठाऊक आहे. उभे राहून सादर करायची कापालिक शैली त्यांनी अशा काळात स्वीकारली, जेव्हा बायकांनी बसूनच गावे असा रिवाज होता. हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो आणि दुसऱ्या क्षणी अर्जुनाचे धनुष्य. रागी नसता तर एवढ्या आवेशाला उत्तर कोणी दिले असते?

कढीपत्ता
परत आले. माझ्याजवळ सांगण्यासारखी फक्त आजीची ओवी आहे. तिच्या मते ओवी जात्याशिवाय म्हणताच येत नसे. गिरणी गावात आल्यावर माझ्या आत्याने तिला ओव्या वहीत उतरवून द्यायला सांगितले, तर तिला दुसरी ओळच आठवेना. शेवटी माळ्यावरचे जाते खाली आणले, मूठभर ज्वारी घातली, आणि खुंटा फिरू लागताच माहेराच्या, भावाच्या, विठोबाच्या ओव्या एकामागून एक येऊ लागल्या. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांच्या प्रयत्नांतून गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या, हे पुढे वाचले तेव्हा आनंद झाला. आमच्या आजीच्या मात्र सदतीसच मिळाल्या, कारण तेवढ्यात ज्वारी संपली.

बाकावरचा_राजा
कढीपत्ता, आणखी मूठभर ज्वारी का घातली नाही?

कढीपत्ता
आत्याने तसे सुचवले होते. आजी म्हणाली, “एवढं पीठ खाणार कोण?”