झेड-शेल बंद केला की काम का मरतं?

प्रश्न: बॅश या शेलमध्ये (टर्मिनलमध्ये आज्ञा चालवणारा प्रोग्राम) आज्ञेच्या शेवटी अँपरसँड (&, म्हणजे काम मागे चालू ठेव) देऊन मोठी कॉपी लावायचो, एक्झिट केलं तरी चालू राहायची. झेड-शेल हा दुसरा शेल आधी काम चालू असल्याचा इशारा देतो. पुन्हा एक्झिट केलं की कॉपी खल्लास. का?

उत्तर १: झेड-शेल जाताना चालू कामांना हँगअप सिग्नल (टर्मिनल गेलं, थांबा असा संदेश) पाठवतो. बॅश पाठवत नाही. लॉगिन शेलमध्ये (लॉगिन करताच सुरू होणाऱ्या) 'हपऑनएक्झिट' ही सेटिंग लावली असेल तरच पाठवतो. पण टर्मिनलची खिडकीच बंद केलीत, तर बॅशही तो सिग्नल सगळ्या कामांना देतो. बॅशच्या मॅन्युअलमध्ये हे 'सिग्नल्स'खाली आहे, लोक शोधतात 'जॉब कंट्रोल'खाली. फार खटकतं मला हे. झेड-शेलने कामं आणि सिग्नल एकाच प्रकरणात घेतलेत, तेच बरोबर.

उत्तर २: झेड-शेलमध्ये अँपरसँडला लागून उद्गारचिन्ह द्या, काम शेलपासून सुटं होतं. बॅशमध्ये त्यासाठी नंतर डिसओन ही आज्ञा द्या. डॅश या आणखी एका शेलमध्ये डिसओन नाहीच, तिथे आज्ञेच्या सुरुवातीलाच नोहप (कामाला हँगअपकडे दुर्लक्ष करायला लावणारी आज्ञा) लावा.

प्रश्नकर्ता: उद्गारचिन्हाने काम झालं. आभार!